गाळा क्रमांक आणि यंत्राचे नाव

ठाण्याहून बाळकुम, कशेळी, काल्हेर करत या किंवा नाशिक महामार्गावर माणकोली नाक्याला आत शिरा. अंजूरफाट्याच्या बाजूचा दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ हा सगळा पट्टा गोदामांचा आहे. इथला पत्ता एका ठरावीक साच्याचा असतो. आधी कॉम्प्लेक्सचे नाव, मग इमारत, समजा डी-३, मग गाळा क्रमांक ५, मग वळ गाव, तालुका भिवंडी आणि शेवटी ४२१३०२. बाहेरगावचा ट्रकवाला बिल्टीवरचे हे एवढे वाचून बरोबर शटरपाशी येऊन उभा राहतो. आत माल साबणाचा आहे की मोबाइलचा, गाळा कोणत्या कंपनीने भाड्याने घेतला आहे, तिथला मॅनेजर कोण, यांपैकी काहीही त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. करार संपतो, शटरवरचा फ्लेक्स उतरतो, दुसऱ्या कंपनीचा चढतो. गाळा पाच नंबरचाच राहतो.

वळसारखी गावे गोदामांची का झाली, याचे मोठे कारण जकात. मुंबईत शिरणाऱ्या मालावर महापालिका जकात घेई. इथल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत ती नव्हती. न्हावा-शेवा बंदर, आग्रा रोड आणि मुंबईचे गिऱ्हाईक तिन्ही हाताशी होते. माल इथे उतरवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा, हे गणित व्यापाऱ्यांनी पुरते ओळखले. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे हलली नाहीत. उलट करासाठी राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवण्याचे कारण संपले आणि मोठ्या जागांना मागणी आली. मोठी जागा म्हणजे मोठी यंत्रणा, आणि या यंत्रणेच्या पोटात आपल्या प्रकरणाचा विषय दडलेला आहे.

गोदामाच्या ऑफिसात, इनवर्डच्या टेबलावर किंवा डिस्पॅचच्या काउंटरवर हल्ली पुष्कळदा अख्खा संगणक नसतो. पडदा, कीबोर्ड, माउस आणि मागे एक छोटा डबा असतो. या डब्याला थिन क्लायंट म्हणतात. त्याच्यात स्वतःचे फारसे काही नसते. कामगार नाव आणि पासवर्ड टाकतो, आणि दूरच्या डेटा सेंटरमधल्या एका मोठ्या सर्व्हरवर चालणारे विंडोज त्याच्या पडद्यावर उघडते. असली डझनावारी, शेकडो विंडोज यंत्रे एकाच मूळ प्रतीवरून तयार करून ठेवलेली असतात. मूळ प्रतीला गोल्डन इमेज म्हणायचे, आणि तयार यंत्रांच्या साठ्याला पूल. पूल दोन तऱ्हेचे. एकात प्रत्येकाचे यंत्र ठरलेले असते. दुसऱ्यात जे रिकामे असेल ते मिळते. काम संपवून माणूस बाहेर पडला की यंत्र पुसले जाते आणि पुढच्या माणसासाठी कोरे होऊन पुन्हा उभे राहते. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गोदामाला हा दुसरा प्रकार सोयीचा, कारण दीडशे माणसे असली तरी एका वेळी पडद्यासमोर साठच असतात.

या साठ यंत्रांना नावे द्यायची आहेत. पूल उभारताना पडद्यावर एक चौकोन येतो, त्यात नावाचा साचा लिहायचा असतो. तिथे घाईने जे लिहिले जाते ते पुढची पाच-सात वर्षे सगळ्यांच्या मानगुटीवर बसते. म्हणून या एका चौकोनाबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते.

समजा, आयटीच्या माणसाने नीटनेटका विचार करून असे नाव काढले: बीडब्ल्यूडी-व्हीएएल-डी३-००१७. पहिली तीन अक्षरे भिवंडी, पुढची तीन वळ, मग इमारत, मग अनुक्रमांक. यंत्रावर ते अर्थातच रोमन लिपीत जाईल. मोजून पाहा: तीन अक्षरे, एक आडवी रेघ, तीन अक्षरे, रेघ, दोन, रेघ, चार आकडे. बेरीज बरोबर पंधरा. पंधराच्या पुढे एक अक्षरही चालणार नाही. विंडोजचे हे बंधन १९८०च्या दशकातल्या नेटबायॉस नावाच्या पद्धतीतून आले आहे. तिच्यात नावाला सोळा जागा होत्या आणि मायक्रोसॉफ्टने सोळावी जागा हे यंत्र नेटवर्कवर कोणती सेवा देते याची खूण ठेवायला राखून ठेवली. नेटबायॉसवर थेट विसंबून राहण्याचे दिवस गेले, पण पंधराची मर्यादा राहिली. इंटरनेटच्या नावांचे नियम वेगळे आणि ऐसपैस आहेत, एका तुकड्याला त्रेसष्ट अक्षरे. पण तिथेही अक्षर, आकडा आणि आडवी रेघ एवढेच चालते. खालची रेघ, जी आपण फायलींच्या नावांत सर्रास वापरतो, ती नियमात बसत नाही. नुसत्या आकड्यांचे नाव विंडोजच्या डोमेनमध्ये चालत नाही. या चौकटीत जे बसेल ते नाव.

तर वरचे नाव चौकटीत काठोकाठ बसते. आता ते वाचू. वळ लिहिले आहे तर भिवंडी कशाला? त्या कंपनीचे दुसरे वळ कुठे नसेल तर पहिली चार स्थाने फुकट गेली. पुढे डी३. इथे खरी गफलत आहे, कारण हे यंत्र डी-३ इमारतीत नाहीच. ते वळमध्येही नाही. ते ऐरोली-महापेकडच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असेल किंवा क्लाउडवर असेल. डी-३ मध्ये आहे तो टेबलावरचा डबा. सकाळी डी-३ मधला माणूस सतरा नंबरच्या यंत्रावर काम करतो, दुपारी तेच यंत्र ए-१ मधल्या बाईंना मिळते. मग ए-१ मध्ये बसलेल्या बाई हेल्पडेस्कला फोन करतात, हेल्पडेस्कवाला नाव वाचतो आणि माणूस डी-३ कडे पाठवतो.

म्हणजे इथे नावे दोन वस्तूंना द्यायची असतात आणि आपण ती एकातच कोंबतो. टेबलावरचा डबा जागेला बांधलेला आहे. त्याच्या नावात इमारत आणि गाळा हवाच. पूलमधले यंत्र जागेला बांधलेले नाही, माणसालाही नाही. ते फक्त पूलचे आहे. त्याच्या नावात पूलची खूण आणि अनुक्रमांक याखेरीज काहीही नसावे, असे माझे ठाम मत आहे. नावात तेवढेच घालावे जे त्या वस्तूच्या हयातीत बदलणार नाही. बाकी सगळे वहीत, म्हणजे नोंदपत्रकात जावे.

डब्याच्या नावाची किंमत सगळ्यात जास्त कळते ती लेबल छापताना. डॉकवर खोके तयार आहे, पॅकिंगवाल्याने बटण दाबले, आता बारकोडचे लेबल त्याच्या शेजारच्या प्रिंटरमधूनच यायला हवे. विंडोज यंत्र तर कुठल्या कुठे आहे. त्याला शेजारचा प्रिंटर कोणता हे कसे कळणार? कळते ते डब्यावरून. माणूस आत शिरला की डब्याचे नाव आणि नेटवर्कवरचा पत्ता त्या सत्राला कळवला जातो, आणि कोणत्या डब्याला कोणता प्रिंटर याचे कोष्टक आधी भरून ठेवलेले असते. व्हीएमवेअरच्या, आता ऑम्निसाच्या, होरायझन या असले पूल चालवणाऱ्या प्रणालीत ही सोय डब्याचे नाव, आयपी पत्त्यांचा पट्टा किंवा हार्डवेअर पत्ता यांवरून चालते. डब्याचे नाव 'व्हीएएल-डी३-जी५-डॉक२' असे असेल तर कोष्टक भरणाऱ्याला नकाशा पाहावा लागत नाही. डबा एका गाळ्यातून उचलून दुसऱ्यात नेला की नाव बदलायचे, हा नियम मात्र भिंतीवर लिहून लावावा.

जागेवरून नाव देण्याचा विचार आपल्याकडे एका मराठी माणसाने देशभराच्या प्रमाणावर करून दाखवला आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी आणि टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ला पिन कोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे, डझनभर लिप्या, न लागणारी अक्षरे, या सगळ्यावर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपालाच्या वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि उरलेले तीन टपाल कार्यालयाचे. चारने सुरू होणारे पिन महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे. ४२१ हा कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडीचा पट्टा. माणसाचे नाव, घराचा नंबर, गल्ली यांतले काहीही या सहा आकड्यांत नाही; ते पाकिटावर वेगळे लिहायचे.

या रचनेचे मोठेपण पुढच्या घडामोडींत दिसले. २०००मध्ये मध्य प्रदेशातून छत्तीसगड निघाले, १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. पालघरचा पिन ४०१४०४ जागचा हलला नाही, कारण तो जिल्ह्याच्या नावावर नव्हे, तर टपाल कसे वाहते यावर बेतला होता. याउलट वाहनांच्या पाट्यांवर राज्याच्या नावाची आद्याक्षरे असतात, म्हणून २०१४मध्ये तेलंगणात नव्या गाड्यांची खूण एपीची टीएस झाली आणि २०२४मध्ये टीजी. आपल्याकडच्या कंपन्यांनी शाखांच्या यंत्रांना औरंगाबाद आणि अहमदनगरची आद्याक्षरे लावून ठेवली असतील, तर आता छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर लिहिताना त्यांची तीच पंचाईत होते. म्हणून शाखेला आकडी किंवा अर्थहीन छोटी खूण द्यावी असे मी म्हणतो.

तीच गोष्ट विंडोजच्या आवृत्तीची. २०१६-१७च्या सुमारास कित्येक ठिकाणी डब्ल्यू१० हे तीन ठसे नावात घालण्याची पद्धत पडली. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पूलच्या गोल्डन इमेजमध्ये विंडोज ११ घातले की साठच्या साठ यंत्रे एका रात्रीत बदलतात. हीच तर पूलची खुबी. नावे मात्र डब्ल्यू१० म्हणत राहतात आणि नव्याने रुजू झालेला मुलगा त्यावर विश्वास ठेवतो.

कामावरून नाव देण्याचा मोहही जुनाच आहे. अमेरिकेतल्या एनआयएसटी संस्थेतले डॉन लिब्स यांनी ऑगस्ट १९९०मध्ये संगणकाला नाव कसे द्यावे यावर एक छोटे टिपण लिहिले; आरएफसी ११७८ या क्रमांकाने ते आजही वाचायला मिळते. त्यात कारखान्याच्या शॉप फ्लोअरवरच्या एका यंत्राची हकिगत आहे. त्याचे नाव 'शॉप' ठेवले. पुढे मदतीला दुसरे यंत्र आले, मग आणखी पाच आली, आणि मूळ 'शॉप' भलत्याच प्रकल्पाला गेले. दुसऱ्या एका ठिकाणी यंत्राचे नाव होते 'अप', कारण सगळे अपडेट त्याच्यावरच होत. 'अप' डाउन आहे का, असे विचारायची वेळ आली. लिब्स यांचा सल्ला असा की एखाद्या कल्पनेच्या घरातली नावे घ्या: रंग, मूलद्रव्ये, पुराणातली पात्रे.

हा सल्ला आपल्याकडे उत्तम पाळला गेला तो पुण्यात. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या आयआयटीएमच्या महासंगणकांची नावे पाहा: आदित्य, प्रत्यूष आणि २०२४मध्ये आलेला अर्क. सगळी सूर्याच्या घरातली. सी-डॅकने १९९१मध्ये परम ८००० दिला, तेव्हापासून परम पद्म, परम युवा, परम ब्रह्म अशी घराणेशाही चालू आहे. ही यंत्रे मोजकी, वर्षानुवर्षे टिकणारी आणि प्रत्येकाचे काम आगळे; त्यांना असे नाव शोभते आणि लक्षातही राहते. पण रोज अनेक वेळा पुसून उभ्या राहणाऱ्या यंत्राला ग्रहाचे किंवा किल्ल्याचे नाव देऊ नये. साठ किल्ले आठवतील. सहाशे झाले की नावे संपतील, आणि राजगड बिघडला म्हणून कुणी तो दुरुस्त करत बसणार नाही. तो पाडून नवा उभा करतील. इथे आकडाच हवा.

आकडा कसा लिहायचा याची सोय अशा प्रणाली बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने केली आहे. सिट्रिक्समध्ये साच्यात हॅशच्या खुणा टाकायच्या. जितक्या खुणा तितकी स्थाने, आणि त्या जागी आकडे हवेत की अक्षरे हेही सांगता येते. अक्षरांच्या फंदात पडू नये, कारण आपोआप बनणाऱ्या जोड्यांतून नको ते शब्द तयार होतात. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये आपण फक्त सुरुवातीचा भाग द्यायचा, तोही अकरा अक्षरांपर्यंत. पुढे रेघ आणि शून्यापासून क्रमांक ते स्वतः लावते. होरायझनमध्ये महिरपी कंसात एन लिहिला की त्या जागी क्रमांक येतो, आणि सोबत 'फिक्स्ड' म्हणून तीन किंवा चार सांगितले की तितकी स्थाने शून्यांनी भरून निघतात.

शून्ये भरणे ही हौस नव्हे. संगणक नावे अक्षरशः लावतो, म्हणून साध्या क्रमांकांच्या यादीत दहा, अकरा, बारा हे दोनच्या आधी येतात. त्याहून घातक प्रकार पुढचा. एका पूलचा साचा 'व्हीएएल' आणि क्रमांक. दुसरा पूल वाढला म्हणून त्याचा साचा 'व्हीएएल१' आणि क्रमांक. शून्ये भरलेली नाहीत. पहिल्या पूलचे अकरावे यंत्र व्हीएएल११, आणि दुसऱ्या पूलचे पहिले यंत्रही व्हीएएल११. डोमेनच्या नोंदवहीत एका नावाला एकच खाते असते. दुसरे यंत्र एक तर जोडले जात नाही, नाहीतर पहिल्याचे खाते बळकावते आणि पहिल्यावर काम करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी लॉग-इन करता येत नाही. दोष शोधणारा दिवसभर नेटवर्क तपासतो आणि चूक त्या चौकोनात बसलेली असते. दोन्ही पूलच्या खुणा सारख्याच लांबीच्या, वेगवेगळ्या, आणि क्रमांकाची स्थाने ठरलेली असली तर हे घडूच शकत नाही.

आता नाव बोलण्याकडे. वळच्या डॉकवरून फोन जातो पुण्याला किंवा हैदराबादला; मागे फोर्कलिफ्टचा भोंगा, हमालांचा गलका, ट्रकचे इंजिन. एकोणसाठ म्हटले तर तिकडे एकोणसत्तर ऐकू येते, आणि हिंदीत बोलणाऱ्याला उनसठ-उनहत्तरचा घोळ आहेच. म्हणून आकडे सुटे सुटे सांगायचे: शून्य, पाच, नऊ. रोमन अक्षरांत बी, डी, पी, टी, व्ही ही फोनवर एकसारखी ऐकू येतात. ओ आणि शून्य, आय आणि एक डोळ्यांना एकसारखे दिसतात. पूलची खूण निवडताना ही अक्षरे टाळली तर निम्मे गैरसमज मुळातच टळतात. वळचे रोमन रूपही आधी पक्के ठरवून घ्यावे. ळ तिकडे नाहीच, आणि एकाने व्हीने लिहिले, दुसऱ्याने डब्ल्यूने, तर एकाच गावाचे दोन झाले.

माणसाला दिसायचे नाव मात्र सुंदर ठेवता येते आणि ठेवावेही. होरायझनमध्ये पूलला एक पक्की ओळख असते, ती नंतर बदलत नाही, आणि एक दर्शनी नाव असते, ते हवे तेव्हा बदलता येते. यंत्र 'केएलएम-०१७' असू द्या, पडद्यावरच्या चौकटीखाली 'वळ गोदाम, डिस्पॅच' असे लिहिलेले हवे. डिस्पॅचचे काम उद्या दुसऱ्या विभागाकडे गेले तर पाटी बदलायची. खालचे नाव तसेच.

शेवटचा मुद्दा जबाबदारीचा. पुसून पुन्हा उभे राहणारे यंत्र तेच नाव घेऊन येते. केएलएम-०१७ या नावाने सकाळपासून रात्रीपर्यंत पाच-सहा जणांनी काम केलेले असू शकते, आणि चलनात फेरफार झाल्याचे महिन्याने लक्षात आले तर नुसत्या नावावरून काहीच सिद्ध होत नाही. यंत्राच्या आतली नोंद तर लॉग-आउटबरोबर गेली. म्हणून नोंदी घडताक्षणी बाहेरच्या सर्व्हरवर जायला हव्यात, आणि प्रत्येक ओळीत यंत्राचे नाव, माणसाचे खाते, डब्याचे नाव आणि वेळ ही चारही हवीत. देशाची सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात आणि घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची असतात. घड्याळ पाच मिनिटे मागे असले तर केएलएम-०१७ वरचे दुपारी दोनचे काम पहिल्या पाळीच्या माणसाच्या माथी लागते.

नेटवर्कच्या नोंदवहीचेही तेच. विंडोजच्या डीएनएसमध्ये शिळ्या नोंदी झाडण्याची सोय चालू केली तरी मूळ सेटिंगप्रमाणे सात आणि सात, चौदा दिवसांनी नोंद झाडण्याजोगी ठरते. यंत्रांना पत्ते वाटणारी डीएचसीपी मूळ सेटिंगप्रमाणे पत्ता आठ दिवसांसाठी देते. या दोन्ही मुदती कायम टेबलावर बसणाऱ्या संगणकांसाठी होत्या. पाळीगणिक पुसल्या जाणाऱ्या पूलमध्ये त्या काही तासांवर आणाव्या लागतात, नाहीतर केएलएम-०१७ असे विचारल्यावर नोंदवही कालचा पत्ता सांगते आणि हेल्पडेस्कवाला तिसऱ्याच माणसाच्या पडद्यावर जाऊन पोचतो. पूल उभारताना नावाच्या चौकोनाबरोबर या दोन मुदतीही त्याच दिवशी ठरवून टाकाव्यात, आणि कोणती खूण कोणत्या पूलची हे लिहिलेला कागद सर्व्हरवर नव्हे तर सर्व्हर बंद असतानाही हाताशी येईल अशा जागी ठेवावा.